माहीत नाही, असे लिहिण्याविषयी

२०२४ साली सर्वपित्री अमावास्या नेमकी गांधी जयंतीच्या दिवशी आली होती. दुपारी घरी पितरांचे पान वाढून झाले, कावळ्याने फार वेळ ताटकळत न ठेवता घास उचलला, आणि चारच्या सुमारास मी खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडलो. "आजच्या दिवशी किडे मोजायला निघालात?" असे सौ.ने दारातच विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिव्यावर येणाऱ्या पतंगांची नोंद करायची तर काळोखी रात्र लागते. चांदणे असले की पडद्यावर फारसे कोणी फिरकत नाही. शिवाय सुटी असल्यामुळे कॉलेजची मुले मोकळी होती. योग एवढाच. पण त्या रात्री पडद्यापुढे बसून मला जे आठवले त्याचा संबंध पितरांच्या दिवसाशी अगदीच नव्हता असे आता म्हणवत नाही.

मी तीसएक वर्षे शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर कोणी भजनी मंडळात जातो, कोणी शेतात रमतो. मला उतारवयात हे पतंगांचे वेड लागले. ते लावले आमच्या भागातल्या प्राणिशास्त्राच्या चार-पाच विद्यार्थ्यांनी. मुले मला 'सर' म्हणतात, पण त्या पडद्यापुढे मी त्यांचा विद्यार्थी असतो.

आमची जागा खानापूर तालुक्यात, हेम्माडग्याच्या बाजूला, भीमगड अभयारण्याच्या कडेला. २०११ साली हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. म्हादई नदी याच डोंगरांतून उगम पावून गोव्याकडे जाते, आणि इथल्या बारापेडे गुहांत जगात फार थोड्या ठिकाणी सापडलेले एक वटवाघूळ राहते. गावांतून मराठी बोलली जाते, पाट्या कन्नडमध्ये आहेत, आणि रानाला त्याचे काही नाही. वनखात्याची लेखी परवानगी काढूनच आम्ही जातो. परवानगीची अट साधी असते: दिवा लावा, पाहा, फोटो काढा, लिहून घ्या; काहीही पकडू नका, काहीही नेऊ नका.

पद्धतही साधीच. दोन झाडांना दोरी बांधून धुतलेली पांढरी चादर ताणायची. तिच्यापुढे जांभळट उजेडाचा दिवा टांगायचा. थोड्या अंतरावर एखाद्या बुंध्याला गूळ आणि अतिपिकलेली केळी कालवून आंबवलेला लेप फासायचा, कारण काही पतंग दिव्यापेक्षा या मेजवानीला अधिक मानतात. मग वही उघडायची. तारीख, जागा, वेळ, तापमान, ढग, वारा, चंद्र एवढे आधी लिहायचे. त्याखाली रकाने: कुळ, प्रजाती, जाती, संख्या, फोटोचा क्रमांक, शेरा. पहाटेपूर्वी दिवा विझवून चादर हलकेच झाडायची आणि बसलेल्या सर्वांना काळोखात परत पाठवायचे. हे विसरलात तर उजाडताच कोतवाल आणि बुलबुल येऊन चादरीवरची पंगत उठवतात. आपण ज्यांची मोजदाद करायला आलो ते आपल्या मोजदादीमुळेच मरावेत, हे बरे नव्हे. मुलांनी मला पहिल्या दिवशी शिकवले ते हेच.

फुलपाखरांचे भाग्य पतंगांच्या वाट्याला आलेले नाही. जगात फुलपाखरांच्या सुमारे अठरा हजार जाती आहेत, तर पतंगांच्या लाखाच्या कितीतरी वर. एकट्या भारतात त्या दहा हजारांहून जास्त. तरीही महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केले, कर्नाटकाने सदर्न बर्डविंगला मान दिला. आमच्या तालुक्याच्या रानात दोघेही एकाच घाणेरीच्या झुडपावर उतरतात आणि कोणी कोणाला दाखला विचारत नाही. पतंगाला मात्र अजून कोणत्याही राज्याने आपला म्हटलेले नाही. बहुतेकांना तर घरगुती नावही नाही. भातावरच्या खोडकिड्याला नाव आहे, कारण तो आपले नुकसान करतो. रेशमाच्या किड्याला आहे, कारण तो आपल्या उपयोगाचा. बाकीचे 'पाखरू' किंवा 'किडा' एवढ्यावर भागतात. जॉर्ज हॅम्पसन नावाच्या इंग्रजाने १८९२ ते १८९६ या काळात इथल्या पतंगांचे वर्णन करणारे चार जाडजूड खंड सिद्ध केले. सव्वाशे वर्षांनंतरही या कामाची सुरुवात तिथूनच करावी लागते.

त्या रात्री आठ वाजेपर्यंत चिलटे आणि तुडतुडेच होते. मग एकेक पाहुणे येऊ लागले. पंख सपाट पसरून चादरीला चिकटून बसणारे एक कुळ आहे. त्याच्या अळ्या पाठीची कमान करून वीत-वीत मोजल्यासारख्या चालतात, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'जमीन मोजणारा' असा आहे. त्यातला एक येऊन बसला की आमचा एक विद्यार्थी म्हणतो, "सर, सर्व्हेवाले आले." नऊच्या सुमारास हिरवट संगमरवरी नक्षीचा, कण्हेरीवर वाढणारा मोठा पतंग दिव्यावरून विमानासारखा सरळ निघून गेला, थांबला नाही. आणि दहाच्या पुढे, गुळाचा लेप लावलेल्या बुंध्यावर मला तो दिसला.

दिसला म्हणजे प्रथम वाळके पान वाटले. पानासारखाच रंग, पानासारखीच शीर, कडेला पान कुरतडल्यासारखी खाच. सोंड लेपात खुपसून तो निश्चिंत बसला होता. ही प्रजाती मी ओळखली: युडोसायमा. हिच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात आणि मोठेपणी हे पतंग धारदार सोंडेने संत्र्या-मोसंबीची साल भेदून रस पितात. पुढचे पंख असे मातकट, पण त्यांच्याखाली झाकलेले मागचे पंख हळदीसारखे पिवळेधमक, त्यांवर काळी खूण. या प्रजातीत जाती अनेक. खूण वाटोळ्या टिकलीसारखी असेल तर मटर्ना. स्वल्पविरामासारखी वाकडी असेल तर दुसरी कोणी.

मटर्ना मी आंबोलीला एकदा पाहिला होता. आमच्या वहीत तो अजून आला नव्हता. आंबोली इथून काय फार लांब आहे? तोच घाट, तोच पाऊस, तीच गुळवेल. आंबोलीला आहे म्हणजे इथे असणारच, आणि इथे असणार म्हणजे हाच तो. एका श्वासात माझा हा सिद्धांत पुरा झाला. मी वहीत प्रजातीच्या रकान्यात 'युडोसायमा' लिहिले आणि जातीच्या रकान्यात 'म' हे अक्षर काढले.

वही धरून शेजारी बसलेली मुलगी गोकाककडची. घरी कन्नड बोलणारी, पण माझ्याशी आग्रहाने मराठीत बोलते. तिने विचारले, "सर, मागचा पंख बघितला काय तुम्ही?"

"नाही. पण तोच आहे ग."

"मग ते तुम्हाला वाटतंय. दिसलं नाही बघा."

मी म्हणालो, काडीने जरा डिवचले तर पंख उघडेल. तिने मान हलवली. अट अटच होती. आम्ही वाट पाहिली. अर्ध्या तासाने पतंगाने सोंड गुंडाळली आणि तो अचानक उडाला. काळोखात पिवळे काही चमकल्यासारखे झाले, पण त्यावरची खूण कोणालाच दिसली नाही. तिने माझ्या हातून वही घेतली, माझ्या 'म'वर एक सरळ रेघ मारली, आणि लिहिले: 'जाती: माहीत नाही. मागचे पंख दिसले नाहीत.' खोडलेले अक्षर तिने तसेच वाचता येईल असे ठेवले. नोंदवहीत खोडरबर वापरायचा नसतो.

एवढीशी गोष्ट. पण त्या 'म'वरची रेघ पाहताना माझ्या छातीत काहीतरी हलले. कारण अशाच एका रकान्यात, अशाच एका 'म'पासून सुरू होणारा शब्द मी पूर्वी एकदा लिहिला होता, आणि तेव्हा शेजारी वही ओढून घेणारे कोणी नव्हते.

१९८१ च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होतो. नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. खानापूर तालुक्यातल्या एका गावाची घरे माझ्या वाट्याला आली होती. माणशी एक चिठ्ठी, आणि तिच्यावर इतर प्रश्नांबरोबर मातृभाषेचा प्रश्न, त्यापुढे येत असलेल्या इतर भाषांचा. मातृभाषा म्हणजे काय हे आम्हाला नीट समजावले होते: लहानपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलत असे ती. सांगणारा सांगेल तीच लिहायची, आपले मत घालायचे नाही.

एका घरी सत्तरीच्या एक आजी होत्या. लहान वयात लग्न होऊन बैलहोंगलच्या बाजूकडून या गावात आलेल्या. मुलगे, सुना, नातवंडे सगळी मराठी बोलणारी. आजीही माझ्याशी अस्खलित मराठीत बोलत होत्या. मी प्रश्न विचारला तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "घरात सगळी मराठीच. पण माझी म्हणशील तर कानडी रे बाळा. अव्वा माझ्याशी कानडीतच बोलायची." सून हसून म्हणाली, "अजून झोपेत बडबडतात त्या कानडीतच."

मी मातृभाषेच्या जागी 'मराठी' लिहिले, आणि इतर भाषांच्या जागी 'कन्नड'.

आजींना वाचता येत नव्हते. त्यांनी विचारले, "लिहिलंस?" मी म्हणालो, "लिहिलं, आजी." त्यांनी मला गुळाचा खडा आणि पाणी दिले.

तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. उलट आपल्या बाजूचे एक काम केले असे वाटले. त्या काळातली हवा ज्यांना आठवते त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. १९५६ च्या भाषावार रचनेनंतर आमच्या भागात आकड्यांना रक्ताचे मोल आले. अमुक गावात किती टक्के मराठी, अमुक तालुक्यात किती, हे आकडे सभांमधून, निवेदनांतून, घरातल्या जेवणावरून फिरत असत. शाळा, कागदपत्रे, अर्ज यांत अल्पसंख्याकांच्या भाषेला स्थान मिळण्यासाठीही लोकसंख्येच्या टक्केवारीचा आधार घेतला जाई. जिथे मोजले जाणे म्हणजे असणे होते, तिथे एका म्हातारीचा एक आकडा आपल्याकडे ओढला तर बिघडले काय? घर मराठी, चूल मराठी, नातवंडांचे पाळणे मराठी. मी खोटे लिहिले असे मला वाटलेच नाही. मी 'खरे काय असायला हवे' ते लिहिले.

आता विचार करतो तेव्हा वाटते, नोंदीतली बहुतेक असत्ये याच वाटेने येत असावीत. निव्वळ लबाडीने खोटे लिहिणारे थोडे. बाकीचे प्रेमापोटी लिहितात. मला मटर्ना हवा होता, म्हणून वाळक्या पानाखाली मला तो दिसला. मला मराठी हवी होती, म्हणून आजींच्या झोपेतल्या बडबडीवर मी पांघरूण घातले. दोन्ही वेळा माझ्यापाशी अनुमान होते, आणि अनुमान वाईट नव्हते. आंबोलीचा पतंग भीमगडला असणे अगदी शक्य आहे. साठ वर्षे मराठी घरात नांदलेली बाई मराठीच, हेही कोणी म्हणू शकेल. पण पहिल्या वेळी प्रश्न 'काय शक्य आहे' असा नव्हता, 'काय दिसले' असा होता. दुसऱ्या वेळी प्रश्न 'ती बाई कोणाची' असा नव्हता, 'तिची आई तिच्याशी कशात बोलत असे' असा होता. त्याचे उत्तर जगात एकाच व्यक्तीपाशी होते, आणि तिने ते दिले होते.

माझ्या एका जुन्या मित्राला मी हे सांगितले. तो म्हणाला, "दोन्ही भाषा चिठ्ठीवर आल्या ना? फक्त जागा बदलल्या. आणि एका चिठ्ठीने काय होते?" आकड्यांचे काही झाले नाही, हे त्याचे म्हणणे मी मान्य करतो. गणित शिकवलेला माणूस आहे. लाखांच्या बेरजेत एकाने काही हलत नाही. पण बेरीज हा एक भाग झाला. चिठ्ठी त्या आजींची होती. त्यांच्या आईचा या सरकारी कागदावर दुसरा कोणताही उल्लेख नव्हता; नाव नाही, गाव नाही. 'कन्नड' हा एक शब्द मातृभाषेच्या जागी लिहिला गेला असता तर तेवढीच त्या माउलीची खूण उरली असती. मी ती पुसली, आणि वर "लिहिलं, आजी" असे म्हणालो. नुकसान आकड्यांचे नव्हते, विश्वासाचे होते.

मित्राचा दुसरा मुद्दा असा की, आपण सगळे धुतल्या तांदळासारखे लिहीत बसलो आणि बाकीच्यांनी तसे केले नाही, तर? हा मुद्दा आमच्या भागात पोरकट नाही. ज्याची माणसे नेहमी मोजणीत कमी भरतात त्याला नीतीचे डोस पाजणे सोपे असते. पण आपली बाजू खरी आहे असे जर आपण मानतो, तर ती खऱ्या आकड्यांवर उभी राहिली पाहिजे. मी लिहिलेल्या एका खोट्या चिठ्ठीने माझ्याच हातच्या बाकीच्या खऱ्या चिठ्ठ्यांवर डाग पाडला. आज मला कोणी विचारले की त्या गावात मराठी किती, तर मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला एक वजा करावा लागतो, आणि इतर प्रगणकांनी किती वजा करावेत ते मला ठाऊक नाही.

पतंगांच्या वहीतही हेच आहे. २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्ग्याच्या भागात मक्यावर एक अळी सापडली. लष्करी अळी आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. 'आपलीच नेहमीची' असे लिहून मोकळे होणे सहज शक्य होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी तसे केले नाही. ही आपल्या ओळखीची नाही, असे आधी मानले, मग तपासले, आणि अमेरिकेतून आफ्रिकेमार्गे पसरलेली अळी भारतात पहिल्यांदा नोंदवली गेली. पुढच्या एक-दोन वर्षांत ती देशभर मक्यात शिरली. तिची खबर मिळाली ती कोणीतरी 'माहीत नाही' म्हणायला लाजले नाही म्हणून. 'माहीत नाही' या शब्दांनी दार उघडे राहते. चुकीचे नाव लिहिले की ते लागते, आणि आत काय आहे ते पाहायला पुन्हा कोणी येत नाही.

आता कोणी म्हणेल, न जाणण्याचे एवढे कौतुक कशाला? जाणून घ्यावे की. खरे आहे. काही पतंग असे असतात की बाहेरून कितीही पाहिले तरी जाती सांगता येत नाही. तो मारून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे प्रजननाचे अवयव तपासूनच नाव ठरते. हॅम्पसनच्या काळापासून शास्त्र असेच उभे राहिले आहे. टाचणीला टोचलेल्या त्या नमुन्यांवाचून आमची वही उघडताच आली नसती, म्हणून मी त्या लोकांना नावे ठेवत नाही. अळीने शेत खाल्ले जात असेल तर मारून तपासावीच लागेल. पण माझ्या वहीत एक ओळ वाढावी, एवढ्यासाठी? तिथे मला आता थांबावेसे वाटते. नाव काढून घेण्याला किंमत पडते, आणि ती नेहमी समोरचा मोजतो. माणसांच्या बाबतीतही "तू नक्की कोणाचा? एकच सांग" असे दरडावून विचारणे हे काडीने पंख उचकटण्यासारखेच आहे. कोणी आपणहून उघडला तर पाहावे, नाहीतर तेवढा रकाना मोकळा ठेवावा.

आमच्याकडच्या कितीजणांचे पंख असे झाकलेले असतात! ज्या द. रा. बेंद्र्यांना कन्नड कवितेसाठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले त्यांच्या घरची भाषा मराठी होती. फुलपाखराला उत्तर कर्नाटकात 'पातरगित्ती' म्हणतात, आणि त्या शब्दाला ज्यांनी घराघरांतल्या मुलांच्या तोंडी बसवले ते हे मराठी घरातले कवी. त्यांच्या चिठ्ठीवर प्रगणकाने काय लिहिले असेल? मातृभाषेच्या व्याख्येला उत्तर आहे. त्या माणसाला एका शब्दात उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पतंग दिव्यावर झेप घेतो ते प्रेमाने, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. कवींनी त्याला प्रियकर केले, संतांनी भक्त केले, मास्तरांनी निबंधात हुतात्मा केले. मीही मुलांना तसे निबंध लिहायला लावले आहेत. २०२४ च्या जानेवारीत एक संशोधन प्रसिद्ध झाले. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांवरून असे दिसले की अनेक उडते किडे उजेडाकडे पाठ वळवतात. लाखो वर्षे रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाशाची बाजू. तिकडे पाठ ठेवली की आपण सरळ उडत आहोत हे त्यांना कळे. आपला दिवा शेजारी पेटला की तिकडे पाठ करता करता त्यांचे सारे तोल फिरते, आणि ते त्याच्याभोवती अडकून पडतात. म्हणजे ज्याला आपण प्रीती म्हणालो तो दिशाभ्रम होता, आणि दिवा आपला होता. कण्हेरीवरचा पतंग मात्र या प्रयोगांतही तसा वागला नाही. त्या रात्री आमच्या दिव्यावरून सरळ निघून गेला तोच.

म्हणजे आपण पतंगाच्या रकान्यातही त्याच्या वतीने लिहून मोकळे झालो होतो. त्याला विचारायची सोय नव्हती हे मान्य. आजींना विचारायची होती, विचारले होते, उत्तरही मिळाले होते.

पहाटे चार वाजता आम्ही दिवा विझवला. चादर झाडली. वहीत त्या रात्रीच्या त्रेसष्ट ओळी भरल्या होत्या, आणि त्यांतल्या एकोणीस ओळींपुढे 'माहीत नाही' होते. पूर्वी मला अशा ओळींची लाज वाटे. वही कच्ची दिसते असे वाटे. परतीच्या जीपमध्ये अंगावर शाल घेऊन बसलो असताना वाटले की आपल्याच पूर्वजांनी हा रकाना किती शहाणपणाने ठेवला आहे. वर्षभर ज्याच्या त्याच्या तिथीला ज्याचे त्याचे श्राद्ध. पण ज्यांची तिथी कोणाला ठाऊक नाही, जे कुठे गेले हे कळले नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री. त्यांच्या नावावर कोणतीही एक तिथी दडपून द्यावी असे कोणाला सुचले नाही. माहीत नाही, एवढे कबूल करूनच त्यांना पान वाढले जाते, आणि तेही पितरच असतात.

घरी पोचलो तेव्हा आदल्या दिवशीची खीर थोडी उरली होती. मी सौ.ला आजींची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांच्या संसारात ती मी तिलाही सांगितली नव्हती. ती ऐकून घेत राहिली, आणि मग तिने फक्त विचारले, "त्यांचे नाव काय होते?"

चिठ्ठीवर ते माझ्याच हाताने लिहिले होते. मला ते आठवले नाही. खोटे लिहिलेली जागा मात्र लख्ख आठवते.

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून नवी जनगणना जाहीर झाली. हा अंक वाचणाऱ्या घरांतल्या काही तरुण शिक्षक-शिक्षिकांना प्रगणकाचे काम आले असेल किंवा येईल. त्यांना सल्ला द्यायचा अधिकार मी १९८१ सालीच गमावला आहे. पण चूक सांगायचा अधिकार चुकलेल्याला राहतो, म्हणून ती सांगितली. समोरचा माणूस सांगेल ते लिहा, आणि लिहिले ते त्याला वाचून दाखवा.

या दिवाळीत अमावास्येच्या रात्री आपण पणत्या लावू तेव्हा काही पतंग येतील. त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नसतील. आमच्या अंगणातल्या पणत्या मी हल्ली उशिरापर्यंत जळत ठेवत नाही. पूजा झाली, मुलांचे फटाके झाले, की शांत करतो, आणि ओट्यावर थोडा वेळ बसतो. आलेले असतात ते हळूहळू काळोखात निघून जातात.